सव्वाआठ फूट

“ताई, गाडी बंद पडली का?”

शिक्रापूरला राहायला आले तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न मला दूधवाल्याने विचारला, रिक्षावाल्याने विचारला आणि दुचाकीवरून पुढे गेलेली दोन पोरं वळून परत आली, त्यांनीही विचारला. विचारण्यात आगाऊपणा नव्हता, काळजी होती. सकाळचे सहा वाजलेत, पुणे-नगर रस्त्याची कड आहे, डोक्यावर ओझं नाही, हातात पिशवी नाही आणि एक बाई नुसती चालत निघाली आहे. म्हणजे तिच्यावर काहीतरी वेळ आली असणार. “नाही रे बाळा, फिरायला निघालेय,” म्हटलं की समोरचा आधी रस्त्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. “इथं?”

परभणीत मी रोज चालायचे. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर निम्मं शहर उतरतं, संध्याकाळी पोरांना घेऊन राजगोपालाचारी उद्यान गाठायचं. तिथे ‘फिरायला जाणं’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवऱ्याला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. शिक्रापूर निवडलं ते सोयीसाठी. पोरांची शाळा जवळ, भाडं झेपणारं, कंपनीची बस कोपऱ्यावर थांबणारी. नवं गाव आपलं करायचं तर त्याच्या वाटा पायाखालच्या व्हाव्या लागतात, असं माझे वडील म्हणायचे. त्यांची बदलीची नोकरी होती. प्रत्येक गावात पहिल्या रविवारी ते आम्हा भावंडांना घेऊन वेशीपर्यंत चालत जायचे आणि वेगळ्या वाटेने परत यायचे. मीही तेच करायला निघाले होते, फक्त या गावाची वेस कुठे आहे ते मला सापडत नव्हतं.

शिक्रापूर नकाशावर बघाल तर चौकाचं गाव आहे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा जुना रस्ता गावाला आडवा चिरत जातो. चाकणहून येणारा रस्ता त्याला इथेच मिळतो, एकीकडे पाबळची वाट फुटते, दुसरीकडे तळेगाव ढमढेऱ्याची. चाकणची वाहनं आणि रांजणगावची फ्रिज-टीव्ही यांची ये-जा या चौकातून होते. पहाटे पाचला चाकण चौकात उभं राहिलं की कंटेनर, ट्रेलर, दुधाचे टँकर आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांच्या मधून माणूस दिसेपर्यंत वेळ लागतो. माणसं असतात, पुष्कळ असतात. पहिल्या पाळीचे लोक घोळक्याने उभे असतात, डबा खांद्याला, ओळखपत्र गळ्यात. लातूर, बीड, वाशीम, यवतमाळ, बिहार, ओडिशा. कुणी कॉट बेसिसवर राहतो, कुणी मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत सहाजणांबरोबर. ही सगळी मंडळी खोलीपासून थांब्यापर्यंत चालतच येतात आणि चालतच जातात. त्यांना कुणी ‘पादचारी’ म्हणत नाही. रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीबाहेर जी हातभर खडी उरते, ती त्यांची. पावसात तीही नसते.

मला पहिले दोन महिने याच खडीची सवय करावी लागली. डावीकडून चालायचं की समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजवीकडून, हे रोज नव्याने ठरवायचं. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी एक नियमावली आहे. वस्तीतल्या पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, व्यापारी भागात २.५ मीटर, असं ती सांगते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं की चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुणे महापालिकेचं स्वतंत्र पादचारी धोरण आहे, ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून ती पादचारी दिनही करते. या सगळ्या गोष्टी मला चांगल्या वाटतात. पण त्या शहराच्या गोष्टी आहेत. शिक्रापूर अजून ग्रामपंचायतीचं गाव आहे आणि त्याच्या अंगावर मात्र शहराएवढी वर्दळ येऊन पडली आहे.

आणि बाग? आमच्या वस्तीत बाग नाही. का नाही, हे समजून घ्यायला मला गुंठा समजून घ्यावा लागला. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे तेहेतीस कुठून आले? जमीन मोजायच्या साखळीची लांबी तेहेतीस फूट. तिचे सोळा आणे. जुने मोजणीदार शंकू आणि साखळी घेऊन शेत मोजायचे, त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. इंग्रजांनी जमीन महसुलाची नवी मोजणी पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांकरवी १८३६ च्या सुमारास बसवली आणि तिथून ती मुंबई इलाखाभर गेली. त्या मोजणीतला गुंठा आज महामार्गाकाठच्या फलकांवर ‘सुलभ हप्त्यांत’ मिळतो. रीतसर मंजुरी घेऊन मोठ्या जागेचे प्लॉट पाडले तर नियमाप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तिथे झाड लागतं, घसरगुंडी येते. पण शेताचे एकेक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकले की मोकळी जागा सोडायची कुणी? तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा; कारखान्यांनी गाव गाठल्यावर तुकडे पडायचे ते पडलेच. घेणाऱ्याला मी दोष देत नाही. पंधरा वर्षं कॉट बेसिसवर काढलेल्या माणसाला स्वतःचा एक गुंठा म्हणजे काय वाटतं, ते आमच्या शेजारच्या वास्तुशांतीत मी पाहिलं आहे. त्या दिवशी त्या घरातली आजी उंबऱ्यावर हात ठेवून बराच वेळ बसून होती. घर मिळालं, घराबाहेर पाऊल ठेवायला मात्र जागा उरली नाही.

वाट सापडली ती शेळ्यांमुळे. एका सकाळी चार शेळ्या घेऊन एक म्हातारी आमच्या इमारतीच्या मागच्या बोळातून आत शिरली आणि दिसेनाशी झाली. मी त्या बोळाला भिंत समजत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग गेले. बोळ संपल्यावर दोन्ही बाजूंना बाभळी, खाली बैलगाडीच्या चाकोऱ्यांची जुनी खोलगट वाट, कडेने टणटणी, रुई, निरगुडी. महामार्गाचा आवाज शंभर पावलांत पातळ झाला. वाट एका ओढ्यात उतरून पलीकडे चढली आणि कांद्याच्या रानांमधून पुढे वेळ नदीच्या दिशेने निघाली.

“कुठं निघालीस गं बाई?” म्हातारीने मागे न बघताच विचारलं.

“तुमच्या मागं.”

“चल की मग. पानंद काय माझ्या बापाची हाय व्हय?”

पानंद, पांदण, पाणंद. तालुक्यागणिक शब्द थोडा बदलतो. दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी सर्वांची वाट. आम्ही मराठवाड्यात पांदण म्हणतो. दोन महिने जी वेस मी महामार्गावर शोधत होते, ती इथे होती.

पुढचं वर्षभर मी या वाटा फिरले. वेळ नदी खेड तालुक्यातल्या डोंगरातून निघते, आग्नेयेला वाहत तळेगाव ढमढेऱ्याच्या खाली भीमेला मिळते. नदी म्हणावी इतकं पाणी तिला पावसाळ्यातच असतं. एरवी बंधाऱ्यामागचं साचलेलं आणि चासकमानच्या कालव्याला आवर्तन सुटलं की ओढ्यानाल्यांतून पाझरून येईल ते. आवर्तनाच्या आठवड्यात सगळ्या शिवाराचा आवाज बदलतो, रात्री-अपरात्री बॅटऱ्या हलताना दिसतात, माणसं बारं द्यायला निघालेली असतात. पात्राच्या कडेला टिटव्या ओरडतात, पुलावरच्या तारांवर वेडे राघू ओळीने बसतात. नवरात्रात बांधाबांधावर तरवड पिवळा होतो. एकदा विजेच्या खांबावर शिक्रा बसलेला दिसला, राखी पाठ, छातीवर तांबूस पट्टे, लालसर डोळा. खाली सातभाईंचा कालवा चालला होता. माझ्या धाकट्याने घरी आल्यावर शाळेच्या वहीत लिहिलं, “शिक्रापुरात शिक्रा राहतो.” त्याच्यासाठी त्या दिवशी हे गाव त्याचं झालं. पुण्यातल्या कुठल्याही बागेत मी त्याला हे दाखवू शकले नसते.

या पट्ट्यातून माणसं फार लांबून चालत आली आहेत. कार्तिक लागला की नगर-पारनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी आणि पोर. शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतो. दोन रात्रींच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. त्यांच्याबरोबर अर्धा तास चालले तर एकाने सांगितलं, की वाडवडील ज्या वाटेने जायचे तिच्यावर आता कंपन्यांच्या भिंती आहेत, म्हणून डांबरी रस्त्यावर यावं लागतं आणि डांबरीवर मेंढरू बावचळतं. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की जातेगावच्या कारखान्याकडे गाड्या लागतात आणि टोळ्यांमधल्या बाया पहाटे काळोखात कोयते घेऊन फडाकडे चालत निघतात. त्यांतल्या काही माझ्या जिल्ह्याच्या असतात. बोलीवरून त्या मला ओळखतात. “तुम्ही बी परभणीच्या? मग चालताव कशाला?” हा प्रश्न दूधवाल्याच्या प्रश्नापेक्षा मला जड गेला. त्यांच्यासाठी चालणं म्हणजे कामाचा पहिला तास. मी त्यांना उत्तर दिलं नाही, त्यांच्याबरोबर फडापर्यंत चालत गेले.

पायी चालण्याची या भागातली सर्वांत प्रसिद्ध रात्र ३१ डिसेंबर १८१७ ची. कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे पाचशे पायदळ आणि अडीच-तीनशे स्वार असलेली तुकडी दोन तोफा घेऊन रात्री साडेआठच्या सुमारास शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. चाळीसएक किलोमीटर रात्रभर चालून सकाळी ती भीमेकाठी कोरेगावला पोचली आणि समोर पेशव्यांचं सैन्य पाहिल्यावर तशीच, अन्नपाण्याशिवाय, दिवसभर लढली. तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते आणि पेरणे गावाच्या बाजूला उभ्या असलेल्या जयस्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. तेव्हापासून वाढत गेलेली गर्दी आता लाखांची आहे. त्या दिवशी नगरकडून येणारी जड वाहनं शिक्रापुरातून चाकणकडे वळवतात. २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, या रस्त्यावर दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. गावात अजून तो विषय निघाला की आवाज खाली जातो. मी यंदा १ जानेवारीला सणसवाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. वर्षातला हा एक दिवस असा, की महामार्गावर ट्रेलर नाहीत आणि पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या बाया, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, निळे झेंडे, पुस्तकांच्या पिशव्या, असे लोक रस्त्याच्या मधोमध चालत आहेत. खडीवर ढकलला गेलेला माणूस त्या दिवशी डांबरावर येतो. रस्ता केवढा रुंद आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गावाचा नकाशा मी उन्हाळ्यात मिळवला. सध्याचा ऑनलाइन मिळतो, जुन्याची प्रत भूमी अभिलेखकडे अर्ज करून मिळते. जेवणाच्या टेबलावर तो पसरला आणि संध्याकाळपर्यंत त्यावरून उठले नाही. गटांच्या रेषा, ओढ्यांच्या नागमोडी रेघा, विहिरींची चिन्हं. आणि तुटक रेषा. नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ कसे, हे आता सांगायला नको. तेहेतीस फुटांच्या साखळीचे चार आणे. गाडीला आठ आणे, पायांना चार.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. १.८ मीटर म्हणजे सहा फुटांना थोडं कमी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, मोटार या मुलखात क्वचितच दिसत असताना, सरकारी कागदाने चालणाऱ्याला जेवढी जागा दिली होती, तेवढी आजची नियमावलीही वस्तीतल्या पदपथासाठी मागत नाही. ही जागा कुणी नव्याने द्यायची नाही. ती दिलेलीच आहे. वाटेत अडथळा केला तर तो काढायला लावण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या पाचव्या कलमाने तहसीलदाराला आहे. शेतात जायला बांधावरून वाट मागण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाची राज्य योजना २०२१ मध्ये आली. पण अशा योजनांचा भर साहजिकच शेतमालाच्या वाहतुकीवर, मुरूम आणि खडीकरणावर आहे. पायमार्गाकडे कुणाचं लक्ष नाही, कारण शेतकऱ्याला आता त्याची गरज राहिली नाही. तो दुचाकीने जातो. आणि ज्यांना गरज आहे, त्या आम्ही खोल्या-फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसांना तो आहे हेच ठाऊक नाही. सातबारा आपला नाही म्हणून गावचा नकाशाही आपला नाही, असं आम्ही धरून चालतो.

इंग्लंडमध्ये अशा जुन्या पायवाटांसाठी हजारो साधी माणसं जुने नकाशे घेऊन बसली. तिथे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याने सार्वजनिक पायवाटांची नोंद ठेवायची असते, आणि एकदा नोंदलेली वाट कुणाच्याही शेतातून गेली तरी ती सर्वांची. २००० सालच्या कायद्याने नोंद राहून गेलेल्या जुन्या वाटांसाठी १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरवली. तेव्हा ‘रॅम्बलर्स’ या पायी भटकणाऱ्यांच्या संस्थेने जुने-नवे नकाशे शेजारी ठेवून लोकांकडून तपासून घेतले आणि नोंदीतून सुटलेल्या एकोणपन्नास हजार मैलांच्या वाटा हुडकल्या. पुढे २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारने ती मुदतच काढून टाकायचं जाहीर केलं. आपल्याकडे अशी तारीख कुणी ठरवलेली नाही. आपल्या वाटा एकेका गुंठ्याने जातात.

मी शिक्रापुरापुरतं काम केलं. आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरातल्या तुटक रेषा नकाशावर लाल पेन्सिलने गिरवल्या आणि एकेक चालून बघितली. काही गोदामाच्या भिंतीत शिरल्या होत्या. एक नव्या घरांच्या ओसरीखालून गेली होती. तिथे विचारणंही अवघड वाटलं, घरवाल्यांनी चहा पाजला. ओढ्याकाठची एक मात्र बहुतेक शाबूत होती, म्हातारीची वाट. तिच्या पुढच्या टोकाला गायरानाचा तुकडा आहे, तिथे दोन कडुलिंब, एक वड, त्याच्या खाली शेंदूर लावलेला दगड. आमच्या इमारतीतल्या सात-आठ बायका आता सकाळी तिथपर्यंत येतात. त्यांतली एक यवतमाळची आहे, एक गोरखपूरची. गोरखपूरवाली पहिल्या दिवशी वडाखाली उभी राहून म्हणाली, की घर सोडल्यापासून आज पहिल्यांदा पायाला माती लागली. आठवड्यातून एकदा पोरं येतात. बाग म्हणून आम्हाला एवढंच हवं आहे. झोका नको, कारंजं नको. त्या वडापर्यंत जाणारी वाट तेवढी राहू द्या.

वाट मोजून मिळावी म्हणून अर्ज केला आहे, बायकांच्या सह्यांनिशी. दसरा झाल्यावर एका सकाळी मी म्हातारीला नकाशा दाखवला. तिला वाचता येत नाही, पण ओढ्याचं वळण तिने बोटाने लगेच ओळखलं. मग एकेरी तुटक रेषेवर बोट ठेवून म्हणाली, “ही आपली?”

“हो. सव्वाआठ फूट.”

“म्हंजी किती पावलं?”

माझी टेप घरी होती. मी तिच्या पायाकडे बघितलं. नऊ इंचांचं पाऊल असेल. “तुमची अकरा.”

तिने चपला काढल्या. एका बांधाच्या कडेला टाच लावली आणि टाचेला चवडा भिडवत आडवी चालू लागली, मोठ्याने मोजत. शेळ्या थांबल्या. सहाव्या पावलाला तिचा अंगठा बाभळीच्या काट्याच्या कुंपणाला टेकला. कुंपणापलीकडे नुकतीच लावलेली कांद्याची रोपं होती. ती तशीच उभी राहिली, पदर सावरला आणि उरलेली पावलं तिने कुंपणावरून हाताने हवेत मोजली.

“पाच कांद्यात गेली,” ती म्हणाली. “मोजणीवाला येईल त्या दिवशी मला हाक मार.”